रिक्तिका : कल्पनेचा इतिहास

कोशिकेतील (पेशीतील) जीवद्रव्यात एका पातळ पटलाने वेढलेली व बहुधा पाणीदार द्रवाने भरलेली जी जागा असते, तिला ‘रिक्तिका’ म्हणतात. वनस्पतींच्या कोवळ्या कोशिकांत रिक्तिका लहान व अनेक असतात. कोशिका वाढू लागली की त्या एकमेकींत मिसळतात आणि पक्व कोशिकेत बहुधा एकच मोठी मध्यवर्ती रिक्तिका उरते. अशा कोशिकेच्या आकारमानाचा ८० ते ९० टक्के भाग रिक्तिकेनेच व्यापलेला असू शकतो. जीवद्रव्य, केंद्रक व हरितकणू हे त्यामुळे कोशिकाभित्तीलगतच्या पातळ थरात ढकलले जातात. प्राण्यांच्या कोशिकांतील रिक्तिका लहान, नाना प्रकारच्या व पुष्कळदा अल्पजीवी असतात.

मूळ यूरोपीय संज्ञा ‘रिकामा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आली असून मराठी संज्ञाही ‘रिक्त’ या शब्दावरून बनविली आहे. प्रत्यक्षात मात्र रिक्तिका रिकामी नसते. नाव व वस्तू यांतील ही विसंगती ज्या समजुतीतून आली, ती समजूत वस्तुस्थितीशी जुळायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. जिला प्रथम केवळ पोकळी आणि नंतर निर्जीव साठा मानले, ती रिक्तिका कोशिकेच्या जीवनमरणाशी निगडित असे कोशिकांग ठरली. हा इतिहास येथे संक्षेपाने दिला आहे.

एक परिचित उदाहरण : रिक्तिकेतील द्रव पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची आवश्यकता असतेच असे नाही. मोसंबीचा रस हा मुख्यतः रिक्तिकांतील रसच होय. मोसंबीच्या फोडीतील लांबट, रसाळ पिशव्या मोठ्या, पातळ भित्तींच्या कोशिकांनी भरलेल्या असतात व त्या कोशिकांच्या रिक्तिकांत पाणी, शर्करा, सायट्रिक अम्ल व लवणे साठविलेली असतात. मराठवाड्यातील जालना जिल्हा मोसंबीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध असून ‘जालना मोसंबी’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. फळाबरोबरच तेथील लागवडीची पद्धतही या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हव्या त्या हंगामात बहार धरण्यासाठी बागाईतदार झाडांचे पाणी काही आठवडे तोडतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. जमिनीच्या मगदुराप्रमाणे ताणाचा काळ कमीअधिक असतो. पाने मलूल होऊन पिवळसर पडू लागली व काही गळाली की ताण बसला असे मानून पाणी पुन्हा सुरू करतात. त्यानंतर झाड नव्या पालवीबरोबर फुलांवर येते. पानांच्या मलूलपणावरून बागाईतदार जे ओळखतो, ते पानांतील असंख्य रिक्तिकांतून पाणी किती गेले हे होय.

रिक्तिकेची कोशिकेतील जागा ध्यानात येण्यासाठी जालना येथीलच किल्ल्याची उपमा घेता येईल. या किल्ल्यातील गढीला मस्तगड म्हणतात व तेथील फार्सी शिलालेखात ती इ. स. १७२५ मध्ये बांधल्याचा उल्लेख आहे. किल्ल्यात सज्जे व खोल्या असलेली एक मोठी विहीर होती. बाहेर तट, आत वस्ती आणि वस्तीच्या आत राखलेले पाणी अशी ही मांडणी वनस्पतिकोशिकेसारखीच आहे : कोशिकाभित्ती, जीवद्रव्य व रिक्तिका. उपमा मात्र एवढ्यापुरतीच खरी आहे. विहिरीतील पाणी आटले, तरी किल्ल्याचा तट उभा राहतो. कोशिकेत आतील पाण्याच्या दाबावरच कोवळ्या भागांचा ताठपणा अवलंबून असतो.

प्रारंभीची निरीक्षणे : रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, ते मृत कोशिकांचे व म्हणून खरोखरीच रिकामे होते. जिवंत कोशिकेतील पोकळीवजा रचनांचे पहिले महत्त्वाचे वर्णन इटालियन शास्त्रज्ञ लाद्झारो स्पालान्त्सानी (१७२९–९९) यांनी १७७६ मध्ये केले. साचलेल्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांत त्यांना आळीपाळीने फुगणाऱ्या व मिटणाऱ्या ताऱ्यासारख्या आकृती दिसल्या आणि ती श्वसनाची इंद्रिये असावीत असे त्यांनी मानले. आज यांना संकोचशील रिक्तिका म्हणतात. त्यांचे कार्य श्वसनाचे नसून शरीरात सतत शिरणारे जादा पाणी बाहेर टाकण्याचे आहे, हे विसाव्या शतकातील प्रयोगांनी निश्चित झाले.

जर्मन शास्त्रज्ञ क्रिस्टिआन एरेनबेर्ख (१७९५–१८७६) यांनी सूक्ष्म प्राण्यांना नीळ व किरमिजी रंगाचे कण खाऊ घातले. प्राण्यांच्या शरीरात अनेक रंगीत गोलक दिसू लागले, तेव्हा त्यांनी ती अनेक जठरेच होत असे प्रतिपादन केले. मोठ्या प्राण्यांत असणारी सर्व इंद्रिये लहान प्रमाणात यांच्यातही असलीच पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. फ्रेंच शास्त्रज्ञ फेलीक्स द्यूझार्दँ (१८०१–६०) यांनी या मताला जोरदार विरोध केला. या प्राण्यांचे शरीर एका चिकट, एकजिनसी सजीव पदार्थाचे असून त्यात तात्पुरत्या पोकळ्या आपोआप निर्माण होतात व नाहीशा होतात, असे त्यांनी दाखविले. या पोकळ्यांना त्यांनी दिलेले नाव १८४१ मधील त्यांच्या ग्रंथामुळे रूढ झाले. जठरांचा सिद्धांत खोडून काढण्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु पोकळीला स्वतःची भित्ती नाही आणि तीत विशेष असे काही नाही, हा आशयही त्याबरोबर शास्त्रात रुजला.

तर्षण व रिक्तिकापटल : माटीआस श्लायडेन (१८०४–८१) यांनी १८४२ मध्ये ही संज्ञा वनस्पतिकोशिकेतील रसाने भरलेल्या भागास लावली आणि हा रस जीवद्रव्याहून वेगळा असल्याचे स्पष्ट केले. यानंतरची चर्चा मुख्यतः पाण्यासंबंधी होती. वनस्पतीची कोशिका तीव्र विद्रावात ठेवली, तर तिच्यातील पाणी बाहेर जाते व जीवद्रव्य भित्तीपासून सुटून आक्रसते. पुन्हा पाण्यात ठेवल्यास ते पूर्ववत फुगते. पाण्याच्या अशा वहनास तर्षण म्हणतात. व्हिल्हेल्म फेफर (१८४५–१९२०) यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्यात कृत्रिम पटल तयार करून तर्षणदाबाचे मापन केले व १८७७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डच वनस्पतिवैज्ञानिक ह्यूगो द व्हरीस (१८४८–१९३५) यांच्याकडून ही माहिती रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांना समजली आणि तिच्या आधारे त्यांनी विरल विद्रावांचा सिद्धांत मांडला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना १९०१ मध्ये मिळाले, त्याच्या कारणांत तर्षणदाबाच्या नियमांचा समावेश होता. पान का कोमेजते या प्रश्नापासून निघालेली वाट अशा रीतीने भौतिक रसायनशास्त्राच्या पायापर्यंत पोहोचली.

द व्हरीस यांचे रिक्तिकेसंबंधीचे निर्णायक संशोधन १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी वनस्पतींच्या कोशिका पोटॅशियम नायट्रेटाच्या सुमारे १० टक्के विद्रावात इओसीन हे रंजकद्रव्य मिसळून ठेवल्या. बाहेरील जीवद्रव्य मरून रंगले. आतील रिक्तिकेची भित्ती मात्र न रंगता, ताणलेल्या फुग्याप्रमाणे काही काळ टिकून राहिली. यावरून रिक्तिकेला स्वतःचे, वेगळे व सजीव पटल असते असे त्यांनी अनुमानिले. रिक्तिकेतील ताण सांभाळणारे म्हणून त्यांनी त्यास ‘टोनोप्लास्ट’ हे नाव दिले. त्यालाच रिक्तिकापटल म्हणतात. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल तीव्र विद्रावात ठेवून रंगीत रस आक्रसताना पाहणे हा प्रयोग द व्हरीस यांच्याच पद्धतीवर आधारलेला असून महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना तो परिचित आहे.

उत्पत्तीविषयीचा वाद : सर्व रिक्तिका पूर्वीच्या रिक्तिकांच्या विभाजनानेच निर्माण होतात, असे द व्हरीस व त्यांचे विद्यार्थी एफ्. ए. एफ्. सी. व्हेंट यांचे मत होते. उलट फेफर यांनी १८९० मध्ये श्लेष्मकवकाच्या उघड्या जीवद्रव्यात ॲस्पॅराजिनाचे स्फटिक घालून, ते विरघळताच त्यांच्याभोवती नव्या रिक्तिका निर्माण होतात असे दाखविले. फ्रान्समध्ये आलेक्सांद्र गियरमाँ (१८७६–१९४५) व इतरांनी जिवंत कोशिकांना अपाय न करता रिक्तिका रंगविणाऱ्या न्यूट्रल रेडसारख्या रंजकद्रव्यांनी वाढत्या कोशिकांतील रिक्तिकांचे बारकाईने निरीक्षण केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या वापरानंतर रिक्तिकापटलाचे अस्तित्व निर्विवाद ठरले. हे पटल कोशिकेतील इतर पटलव्यूहांपासून लहान पुटिकांच्या रूपाने येणाऱ्या सामग्रीवर वाढते, असे आता मानले जाते.

तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक पाठ्यपुस्तकांत रिक्तिकारसाची गणना स्टार्चाचे कण, स्फटिक व तेलाचे थेंब यांबरोबर कोशिकेच्या निर्जीव अंतर्वस्तूंत केलेली आढळते. रिक्तिका म्हणजे पाण्याचे कोठार आणि टाकाऊ द्रव्यांची अडगळीची खोली, हा समज दीर्घकाळ टिकला.

पानफुटीची चव : रिक्तिका हे स्थिर कोठार नाही, याचा पुरावा वस्तुतः फार पूर्वी भारतात केलेल्या एका निरीक्षणात होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात वनस्पतींचा अभ्यास करणारे बेंजामिन हाइन (१७७०–१८१९) यांना असे आढळले की, पानफुटीचे पान पहाटे आंबट लागते, दुपारी त्याला चव नसते व संध्याकाळी ते किंचित कडवट लागते. हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात पुष्कळ घरांच्या अंगणांत वाढणाऱ्या या वनस्पतीच्या पानाची चव दिवसभरात बदलते, याचा उलगडा व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. रुक्ष हवामानातील अशा वनस्पती पाण्याची बचत व्हावी म्हणून आपली त्वग्रंध्रे (पानांच्या सालीवरील सूक्ष्म छिद्रे) दिवसा मिटतात व रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक अम्लाच्या रूपाने साठविला जातो व दिवसा तो मोकळा करून प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. हे अम्ल रिक्तिकांतच असते, हे पानफुटीच्या कोशिकांतून अखंड रिक्तिका वेगळ्या काढून स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९७७ मध्ये सिद्ध केले. दररोज रात्री भरणे व दिवसा रिते होणे हा तेथे रिक्तिकेचा नित्यक्रम असतो.

पाचन व पुनर्वापर : क्रिस्तियान द द्यूव्ह (१९१७–२०१३) यांनी १९५५ मध्ये प्राण्यांच्या कोशिकांत पाचक एंझाइमे बाळगणाऱ्या लयकायांचे (लायसोसोमांचे) अस्तित्व जाहीर केले, या व संबंधित कार्यासाठी त्यांना १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचा सहविजेता म्हणून सन्मान मिळाला. वनस्पतींत व यीस्टमध्ये हे कार्य कोण करते, या प्रश्नाचे उत्तर झुरिकचे फिलिप माटीले (१९३२–२०११) यांनी १९६०–७० या दशकात दिले : यीस्टची रिक्तिका हीच तिचा लयकाय होय. पुढे १९७५ मध्ये वनस्पतिकोशिकांतून मोठ्या प्रमाणावर अखंड रिक्तिका वेगळ्या करण्याची पद्धत विकसित झाली आणि रिक्तिकारसाचे रासायनिक विश्लेषण शक्य झाले. लवणे व अम्ले यांखेरीज फुलाफळांतील जांभळी व तांबडी रंगद्रव्ये, अल्कलॉइडे, बियांतील प्रथिने आणि प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे एवढा विविध साठा रिक्तिकांत असतो.

हा साठा आत ठेवण्यासाठी कोशिकेला सतत ऊर्जा खर्च करावी लागते. जीवद्रव्य जवळजवळ उदासीन असते. लिंबाच्या रिक्तिकारसाचे पीएच मूल्य मात्र सुमारे २ पर्यंत उतरते. म्हणजे एका अतिसूक्ष्म पटलाच्या दोन बाजूंस हायड्रोजन आयनांच्या संहतीत (विशिष्ट घनफळातील प्रमाणात) एक लक्ष पटींएवढी तफावत असते. रिक्तिकापटलातील प्रथिनांचे ‘पंप’ ऊर्जा वापरून हे आयन आत ढकलतात व त्यांमुळे निर्माण झालेल्या चढउताराच्या बळावर इतर पदार्थांची नेआण होते. सिट्रस फळांच्या आंबटपणातील फरक अशा पंपांच्या क्रियाशीलतेशी निगडित असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. गोड प्रकारांच्या फळांत संबंधित जनुके मंदावलेली आढळली.

जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी (१९४५– ) यांनी आपल्या कार्याची सुरुवात यीस्टच्या रिक्तिकेवरील अशाच पंपांच्या अभ्यासाने केली. १९८८ मध्ये त्यांनी रिक्तिकेत पाचक एंझाइमे नसलेले यीस्ट उपाशी ठेवले. काही तासांत रिक्तिका लहान लहान गोलकांनी भरून गेली. उपासमारीत कोशिका आपल्याच जीवद्रव्याचे भाग पटलात गुंडाळून रिक्तिकेकडे पाठविते व त्यांच्या विघटनातून मिळालेल्या घटकांवर जगते, असा याचा अर्थ होता. ही निरीक्षणे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि या प्रक्रियेच्या, म्हणजे स्वभक्षणाच्या, संशोधनासाठी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अडगळीची खोली मानलेली जागा कोशिकेला संकटकाळी तगवून धरते, हे यातून स्पष्ट झाले.

याच साठ्यात कोशिकेचा नाशही दडलेला असतो. झाडाच्या काष्ठातील जलवाहिन्या तयार होताना त्यांच्या घटक कोशिकांची रिक्तिका फुटते, तीतील एंझाइमे मुक्त होतात व जीवद्रव्य विरघळून केवळ भित्तींची नळी उरते. मोसंबीच्या झाडाच्या मुळांकडून फळापर्यंत पाणी चढते, ते अशा मृत कोशिकांतून; आणि साठते जिवंत कोशिकांच्या रिक्तिकांत.

रोग व रिक्तिका : मानवी रोगांच्या संदर्भातही रिक्तिकेला महत्त्व आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तकोशिकेत शिरून तेथील हीमोग्लोबिन आपल्या अन्नरिक्तिकेत पचवितो. या पचनात उरणारा विषारी भाग तो काळपट रंगद्रव्याच्या कणांत बदलतो. रोनल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी तत्कालीन हैदराबाद संस्थानातील सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भित्तीत परजीवी ओळखला, तो याच रंगद्रव्यावरून. क्लोरोक्वीन हे औषध अन्नरिक्तिकेत साचून विषारी भागाचे रंगद्रव्यात रूपांतर होऊ देत नाही. मात्र परजीवीच्या रिक्तिकापटलातील एका प्रथिनात बदल झाला की औषध बाहेर टाकले जाते व ते निष्प्रभ होते; या प्रथिनाचे जनुक २००० मध्ये ओळखले गेले. क्षयाचे जंतू भक्षककोशिकेने गिळल्यानंतर ज्या रिक्तिकेत असतात, तिचा लयकायांशी होणारा संयोग ते टाळतात, हे १९७१ मध्ये दाखविण्यात आले. दोन्ही उदाहरणांत रोगाची तड एका रिक्तिकेच्या सीमेवर लागते.

क्षार, दुष्काळ व शेती : खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती सोडियमाचे आयन रिक्तिकेत कोंडून जीवद्रव्याचे रक्षण करतात. कोकण किनाऱ्यावरील खारफुटी व इतर क्षारसह वनस्पतींच्या शरीरक्रियांचा अभ्यास कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी व त्यांचे सहकारी यांनी केला. सोडियम रिक्तिकेत नेणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढविल्यास वनस्पतीची क्षारसहनशीलता वाढते, असे १९९९ मध्ये एका प्रायोगिक वनस्पतीत आणि २००१ मध्ये टोमॅटोत दिसून आले. सिंचनामुळे जमिनी खारवण्याचा प्रश्न ज्या प्रदेशांना भेडसावतो, त्यांच्या दृष्टीने हे संशोधन मोलाचे आहे.

पाण्याच्या अभावापुढे मात्र या सर्व व्यवस्थेला मर्यादा पडते. बागाईतदाराने दिलेल्या ताणात रिक्तिकांतून काही पाणी जाते. पटले अभंग असल्यामुळे पाणी मिळताच कोशिका पुन्हा ताठ होतात. हा तोल बिघडला की मात्र परत फिरता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. काही बागा शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घालून जगविल्या, काही तोडून टाकाव्या लागल्या. मोसंबीची बाग फळावर येण्यास काही वर्षे लागत असल्याने अशी हानी एका हंगामात भरून निघत नाही. ज्या झाडांच्या कोशिकांत पटले व त्यांवरील पंप टिकून होते, ती पाणी मिळाल्यावर पालवली. ज्यांच्यात ती विघटित झाली होती, त्यांना मागाहून मिळालेल्या पाण्याचा उपयोग झाला नाही.

द्यूझार्दँ यांनी दिलेले नाव आजही प्रचारात आहे. रिक्तिकेतील पाणी, अम्ले व एंझाइमे स्वतः निर्जीव असली, तरी ती आत राखणारे पटल सजीव असते व ते टिकविण्याचे काम कोशिकेला अखंड करावे लागते. हे काम थांबले की कोठारातील द्रव्येच कोशिकेचा नाश करतात. कोशिकेचे जिवंतपण अशा रीतीने रिक्तिकेतील द्रवापेक्षा तिच्या सीमेच्या अखंड राखणीत अधिक स्पष्टपणे प्रत्ययास येते.